कापसाच्या अलीकडे हिवाळा

त्या साली आमच्या गावात हिवाळा दोन वेळा संपला. एकदा सगळ्या गावाचा संपला, आणि मग पुष्कळ दिवसांनी देवमनच्या अर्ध्या घरातला संपला. हे मी सांगितलं की ऐकणारा आधी माझ्या तोंडाकडे पाहतो आणि मग माझ्या तंबाखूच्या डबीकडे. पाहू द्या. मी देवमनच्या भिंतीला भिंत लावून राहत होतो. त्याच्या घरात कोणी शिंकलं की आमच्या घरात काढा उकळायला ठेवत, इतकी ती भिंत पातळ. तेव्हा माझ्यापेक्षा जास्त माहीत असणारा माणूस तुम्हाला सापडायचा नाही.

आमचं गाव अनसिंगच्या अलीकडे, बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. मोठा दुष्काळ सरून गेला होता, आणि त्यानंतरच्या एका साली जमिनीनं मागची सगळी कसर एकदम भरून काढली. कापूस असा फुटला, असा फुटला, की चांदण्यात नवखा पाहुणा आमच्या शिवारात आला तर नदी समजून धोतर वर खोचून चाले. वेचणाऱ्या बायका संध्याकाळी घरी परतल्या की त्यांची पोरं त्यांना आवाजावरून ओळखत.

आणि कापूस घरात आला. आमच्याकडे विकायचा दिवस येईपर्यंत कापूस घरातच राहतो. माणसं कडेकडेनं राहतात. देवमनचं घर आगगाडीच्या डब्यासारखं लांबोळकं, एक दार पूर्वेला अंगणात उघडणारं, एक पश्चिमेला नदीकडे. वेचा आला की घराच्या मध्यावर टाकायचा, पायांनी तुडवून दाबायचा, त्यावर पुन्हा टाकायचा. पहिल्या वेच्याचा कापूस तळाशी, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा. पौष लागेस्तोवर ढीग आढ्याला टेकला आणि दोन्ही बाजूंनी भिंतींना चिकटला. घराचे दोन तुकडे झाले. चूल, भांडी, भिंतीवरचे बुद्धाचे आणि बाबासाहेबांचे फोटो पूर्वेकडे राहिले. देवमनची बाज, बैलांचं सामान आणि नदीवरचा वारा पश्चिमेकडे. त्यांची मांजर मार्गशीर्षात पूर्वेच्या बाजूनं त्या कापसात शिरली होती. पौषात ती पश्चिमेच्या बाजूनं बाहेर आली तेव्हा तिच्यामागे पिलांची रांग होती, आणि एकाही पिलाला ऊन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

थंडीही तशीच होती. सकाळी विहिरीतून वाफा निघत, आणि आमचा उकंडराव चहाची पुडी घेऊन विहिरीकडे निघालेला मी स्वतः पाहिला आहे. कोंबडा पहाटे निम्मी बांग देई. उरलेली निम्मी त्याच्या गळ्यातून निघायला दुपार उजाडे.

अशा थंडीत देवमनचे व्याही इंद्रभान अनसिंगाहून लेकीला भेटायला आले. लेक म्हणजे देवमनची सून पंचफुला. तिला पहिल्यांदाच दिवस गेले होते. नवरा तिचा, खेमा, जऊळक्याला रेल्वेच्या गँगमध्ये कामाला. सुटी मिळाली तर येई, नाहीतर नाही. व्याही आले म्हणून अंगणात शेकोटी पेटली, आम्ही शेजारीपाजारी जमलो, आणि देवमनला बोलण्याचा झटका आला. तो म्हणाला, थंडी म्हणजे काय ते मला जन्मात कळलं नाही. तरुणपणी पौषात पैनगंगेच्या वाळूत उघडा झोपायचो, आणि सकाळी उठलो की वाळू एवढी तापलेली असायची की बायका तिच्यावर पापड वाळत घालायच्या. इंद्रभान मान डोलावत होते. व्याहीच तो, मान डोलावणं त्याचं कामच.

देवमनची बायको भागिरथा पलीकडे तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मान वर न करता ती म्हणाली, "मंग रोज झोपतानी पायापाशी गरम वीट कोन मांगते? माह्या जुन्या लुगड्यात गुंडाळून?"

इंद्रभान असे हसले की तोंडातली तंबाखू पोटात गेली आणि त्यांना पाठीवर थापा माराव्या लागल्या. थापा मारणारेही हसत होते. मीही हसलो, माझ्याच्यानं राहवलं नाही. देवमन एकटा हसला नाही. तो उठला, अंगावरचं घोंगडं सावरलं आणि सगळ्यांच्या देखत बोलला, "हिवाळा सरेपर्यंत मी या बाईसंग बोलनार नाई."

भागिरथानं एक शेंग सोलली, दाणे सुपात टाकले आणि मग उत्तर दिलं. "पयले थे बोलतीन. मंग मी."

झालं. देवमन पश्चिमेकडे जाऊन बसला, भागिरथा पूर्वेकडे राहिली, आणि मध्ये कापूस.

आता दोन माणसं बोलत नसली तरी संसार थोडाच थांबतो. भाकर लागते, बैलांना सरकी लागते, विळा कुठं ठेवला ते विचारावं लागतं. हे सगळं पंचफुलाच्या पायांवर आलं. घरातून वाट नाही. तेव्हा पूर्वेच्या दारातून निघायचं, गोठ्याला वळसा घालायचा, निंबाखालून पश्चिमेच्या दाराशी जायचं, निरोप सांगायचा, उत्तर घ्यायचं आणि तसंच परत. सासू म्हणे, त्याईले सांग भाकर थंडी होऊन राह्यली. पंचफुला वळसा घालून पोचेपर्यंत भाकर खरोखरच थंड झालेली असे. सासरा म्हणे, तुह्या सासूले सांग मले भूक नाई. ती परत निघाली की मागून हाक येई, पन भाकर ठेवून जा. त्या हिवाळ्यात पंचफुलानं घराभोवती जी वाट पाडली तिच्यावरून पुढं गावातली पोरं गाडे पळवत.

खेमा एकदा सुटीवर आला. आईनं त्याला बापाकडे पाठवलं, बापानं आईकडे. दुपारपर्यंत त्यानं पाहिलं, आणि मग रूळ ढिले झाल्याची कुठलीशी आठवण काढून तो जऊळक्याला पळाला.

संध्याकाळी मात्र एक गंमत होई. दिवेलागणीला भागिरथा पूर्वेकडे फोटोपुढे मेणबत्ती लावून वंदना म्हणायला बसे, आणि पलीकडून देवमनचा आवाज तिच्या आवाजात मिसळे. दोघांची एक ओळ मागेपुढे होत नसे. गावात यावर वाद झाला, की हे बोलणं धरायचं की नाही. देवमननं निकाल दिला की वंदना बुद्धाला आहे, बाईला नाही. भागिरथाचं मत पंचफुलानं आणलं. तेही तेच निघालं.

असा माघ सरत आला. एका सकाळी मी अंगणात तोंड धूत होतो आणि पाण्यानं बोटं आखडली नाहीत. त्या दिवसापासून गावाला उन्हाळ्याची चाहूल लागली. निंबाची पानं पिवळी होऊन अंगणात पडू लागली आणि झाडणाऱ्या बायकांची कटकट सुरू झाली. आंब्याचा मोहर असा सुटला की जेवताना भाजीला त्याचा वास लागे. चिमण्या बाजेच्या सुतळीचे धागे ओढून नेऊ लागल्या. टेकडीवरचा पळस आधी काळाठिक्कर होता, मग एका रात्रीत पेटला, आणि दूरच्या गावातले लोक आग विझवायला घागरी घेऊन निघाले, असं म्हणतात. मी ते पाहिलं नाही, पण घागरी परत जाताना पाहिल्या.

पंचफुलाला सातवा महिना चालू होता. पहिलं बाळंतपण माहेरी. आणि जायचं तर सातव्यातच, कारण आठवा लागला की आमच्याकडे बाई वाट चालत नाही. मग बाळंतपण सासरीच. अनसिंगला तिच्या आईनं, वच्छलाबाईनं, खोली सारवून ठेवली होती. डिंक आणला होता, लाडवांचा गूळ फोडून ठेवला होता. येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती निरोपावर निरोप धाडत होती की गोविंदाला बैलबंडी घेऊन कधी धाडू. गोविंदा म्हणजे पंचफुलाचा भाऊ. आणि पंचफुलालाही आता आईशिवाय काही दिसत नव्हतं. आमच्या कुंपणाशी उभी राहून ती माझ्या बायकोला, विजयमालाला, म्हणे, काकी, मायच्या हातचं तेल डोक्यावर पडलं का मले झोप येईन.

तिनं सासूला विचारलं. भागिरथा म्हणाली, ओटी तर मी आज भरते. पण सून पहिल्यांदा माहेरी निघते तेव्हा सासू-सासऱ्यानं दारात जोडीनं उभं राहून तिला पाठवायचं असतं. मुक्या घरातून सून निघाली असं लोकांनी बोललेलं मला चालायचं नाही. त्यांनी आधी माझ्याशी बोलावं. पंचफुला वळसा घालून सासऱ्याकडे गेली. देवमनचा तिच्यावर फार जीव. तो म्हणाला, जा ना पोरी, मीच बंडी जुंपून देतो, पण गारठ्यात पाठवणार नाही. हिवाळा सरू दे.

आणि हिवाळा सरला असं तो म्हणायला तयार नव्हता. म्हटलं की बायकोशी बोलावं लागणार, आणि पहिला शब्द त्याचा जाणार. व्याह्यासमोर गेलेली इज्जत आणखी एकदा जाणार. सरकारी केंद्रावर कापूस घालायला आमच्या गावाचा नंबर लागला, गावातली घरं मोकळी झाली, बायकांनी जमिनी सारवल्या, वाकळा धुऊन नदीकाठी वाळत टाकल्या. देवमन म्हणाला, अजून दव पडते, ओला कापूस मी नेत नाही. तो ढीग तसाच उभा.

तेव्हा पंचफुलानं हिवाळा सरल्याचे पुरावे गोळा करायला घेतले. भिंतीवर पाल दिसली ती तिनं सासऱ्याला दाखवली. त्यानं सांगितलं की पूर्वेकडची पाल वाट चुकून आली असेल. चिमण्या दाखवल्या. तो म्हणाला, बिचाऱ्यांना थंडी वाजते, घरट्यात पांघरूण नेतात. पळसाचं फूल ताटात ठेवून दिलं. त्यानं ते नीट पाहिलं आणि झाडाला ताप आला असं निदान केलं. मग तिनं खोबरेल तेलाची बाटली नेली. हिवाळाभर दगडासारखं गोठलेलं तेल आता पाण्यासारखं हलत होतं. देवमन म्हणाला, तू हातात धरून आणली म्हणून पातळ झालं, इथं ठेव, उद्या बघू. दुसऱ्या दिवशी तेल खरंच गोठलेलं. तिसऱ्या दिवशी पंचफुला जरा लवकर गेली, तेव्हा मामाजी, म्हणजे तिचा सासरा, रांजणात कोपरापर्यंत हात घालून बाटली बाहेर काढत होते.

तिकडे पूर्वेकडे भागिरथानं ईर्ष्येनं उन्हाळा चालू केला होता. नवा माठ मांडला, वारा घ्यायला विंझणा काढला, अंगणात चूल हलवली, कुरडयांसाठी गहू भिजत घातले. त्या घरात पश्चिमेच्या दारानं शिरलं तर सर्दी होई आणि पूर्वेच्या दारानं शिरलं तर अंगावर घामोळं येई. आम्ही देवमनकडे बसायला जाताना मान राखायला घोंगडी पांघरून जात होतो आणि बाहेर येऊन पिळून वाळत घालत होतो. देवमन तर दोन घोंगड्यांत बसे. कपाळावरून धारा लागलेल्या. विचारलं तर म्हणे, छतातून दव गळतं.

पंचफुलाचे दिवस मात्र खरेच भरत चालले होते. गोविंदाचा पक्का निरोप आला, की या आठवड्यात मी येतो. त्यानंतर येऊन उपयोग नाही.

त्याच दिवसांत तिला एक गोष्ट दिसली. दुपारी ती चहा घेऊन सासूकडे वळली, तर भागिरथा ढिगाला पाठ लावून बसली होती आणि तिचा एक हात खांद्यापर्यंत कापसात होता. दचकून तिनं हात काढला. मुठीत कापूस होता. मग कबूल केलं, की नातवासाठी लहानशी गादी भरते आहे. वरचा कापूस जाडाभरडा, शेवटच्या वेच्याचा. लेकराच्या अंगाला पहिल्या वेच्याचाच पाहिजे, आणि तो तर तळाशी. म्हणून खालून काढून, एकेक सरकी बोटांनी वेगळी करून ती गादीत भरत होती. "त्याईले सांगू नको," ती म्हणाली. "म्हनतीन, ढिगाले हात काहून लावला."

पंचफुला वळसा घालून पश्चिमेला गेली. तिथं मामाजी दोन घोंगड्यांच्या आत काहीतरी करत होते. चहा घ्यायला हात बाहेर काढला तर घोंगड्यातून सरकीचे दाणे घरंगळले. नातवासाठी उशी. तीही पहिल्या वेच्याची, तीही तळातून काढलेल्या कापसाची. "एकबी दाना राह्यला नाई पायजे," देवमन म्हणाला. "लेकराचं टाळू कवळं रायते. पन तुह्या सासूले बोलू नको. थे हासते."

पंचफुला बाहेर आली ती थेट आमच्या कुंपणाशी. पदरानं तोंड दाबून इतकी हसली की विजयमालाला तिला खाली बसवावं लागलं. मग हसू थांबलं आणि जिच्याआड कापूस होता त्या भिंतीकडे ती बघत राहिली. माझ्या बायकोला तिनं एवढंच विचारलं, की एवढा उंच ढीग तळातून पोखरला तर किती दिवस उभा राहतो. विजयमाला म्हणाली, मी काही ढिगाची डॉक्टर नाही.

त्या दिवसापासून पंचफुलाचे निरोप बदलले. सासूला ती म्हणू लागली की आत्याबाई, गादी पातळ वाटते, आमच्या अनसिंगची भुई फार गार. सासऱ्याला म्हणे, मामाजी, डोक्याला उशी झाली, पण लेकरू कुशीवर वळलं तर दोन्ही अंगांना दोन लोड पाहिजेत. सासूला तिनं सुचवलं की उजव्या हाताच्या कोपऱ्यातला कापूस जास्त पांढरा दिसतो. सासऱ्याला सांगितलं की डाव्या हाताचा पाहा. समोरासमोर बसलेल्या माणसांचा एकाचा उजवा तो दुसऱ्याचा डावा, हे त्या दोघांच्या ध्यानात आलं नाही. त्यांना तर पलीकडे कोणी खणतं आहे हेही माहीत नव्हतं. बिळं वाढत गेली. माझ्या घरात बसून मला ती ऐकू येत. एकीकडून खसखस, दुसरीकडून खसखस, जसे दोन उंदीर एकाच पोत्याला लागावेत.

गोविंदा आला तो ऐन दुपारी. बंडीवर बांबूच्या तट्ट्याचं छत, आत कडब्यावर वाकळ अंथरलेली, बैलांच्या शिंगांना हिंगूळ. पोरगा तोंडाचा फटकळ. बैल सोडून तो सरळ पश्चिमेच्या दाराशी गेला. तिथं मी आणि उकंडराव घोंगडी पांघरून देवमनपाशी बसलो होतो. आम्हा तिघांना त्या उन्हात तसं बसलेलं पाहून त्यानं विचारलं, की मामा, तुमाले हिवताप आला काय सगळ्याईले. देवमननं ते ऐकलंच नाही असं केलं. तो म्हणाला, गारठा आहे पोरा, चार-आठ दिवस थांब.

पंचफुला भावाच्या मागून आली होती. इतके दिवस ती हसत वळसे घालत होती. त्या दिवशी चौकटीला हात टेकून उभी राहिली. आवाज चढवला नाही.

"मामाजी, चार दिसानं आठवा लागते. मंग मले जाता येनार नाई. माह्या मायनं खोली सारवून ठेवली. थे रोज वाटेकडं पाह्यते."

देवमननं तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे पाहिलं. त्याचे ओठ हलले, पण शब्द बाहेर आला नाही. शब्द आत अडकला होता आणि त्याच्यावर दोन घोंगडी होती. तो उठला. मागे वळून ढिगाशी बसला आणि त्यानं बाजेखालून ती उशी आणि दोन लोड काढले. एक लोड अजून अर्धाच भरलेला होता. पाठवता येत नाही तर निदान हे तरी पुरं करून तिच्या हाती द्यावं, असं त्याला वाटलं असेल. त्यानं डाव्या बिळात खांद्यापर्यंत हात घातला.

त्याच वेळी पूर्वेकडे भागिरथानं बैलांच्या घुंगरांचा आवाज ऐकला होता. पोरीचा भाऊ आला आणि गादीचा एक कोपरा रिकामाच राहिला, म्हणून तिनंही घाईघाईनं उजव्या बिळात हात घातला. मध्ये कापसाचा पडदा उरला होता तो फाटला, आणि दोन्ही हात एकमेकांवर पडले.

देवमनला वाटलं कापूसचोर. भागिरथालाही तेच वाटलं. दोघांनीही धरलेलं मनगट सोडलं नाही, आणि दोघांनीही हूं की चूं केलं नाही, कारण न बोलण्याची सवयच जडली होती. देवमननं पाय ढिगाला रोवून ओढलं. पलीकडून तेवढ्याच जोरानं ओढलं गेलं. भागिरथा काही साधी बाई नव्हती. तिनं एकदा उधळलेला गोऱ्हा शेपटीला धरून उभा केला होता. देवमन कमरेपर्यंत बिळात गेला, मग बाहेर आला, मग पुन्हा आत गेला. आम्ही उठेपर्यंत आढ्याशी काहीतरी सळसळलं. सबंध हिवाळा त्या घरात उभा राहिलेला तो पांढरा डोंगर एकदा मधून वाकला आणि दोन्ही बाजूंना सांडला.

आवाज मुळीच झाला नाही. कापूस तो. फक्त घरात एकदम उजेड आला, कारण पश्चिमेच्या दारातून पूर्वेचं दार दिसू लागलं. देवमन कुठंच दिसत नव्हता.

गोविंदा, उकंडराव आणि मी अलीकडून उकरायला लागलो, विजयमाला पलीकडून. मूठमूठ नाही, कवळ्याच्या कवळ्या उचलून बाहेर फेकल्या. अंगण पांढरं झालं, निंब पांढरा झाला. आधी भागिरथाचा अंबाडा दिसला. मग तिच्या हातात धरलेला एक हात दिसला, आणि त्या हाताला धरून आम्ही देवमनला उपसून काढलं. दोन घोंगड्यांसकट. मिशा, भुवया, कानातले केस सगळं पांढरं. चेहरा मात्र तव्यासारखा लाल, आणि घामानं असा निथळत होता की कापसाचे पुंजके त्याच्यावरून ओघळत खाली येत होते. त्यानं मोठा श्वास घेतला. समोर, नाकाला नाक लागेल इतक्या जवळ, बायको बसलेली. आणि त्याच्या तोंडातून निघून गेलं,

"लय उकडून राह्यलं व, भागिरथा."

आम्ही सगळे जागच्या जागी थांबलो. भागिरथानं जिभेवरचा कापूस बोटानं काढला.

"काय म्हटलं?"

देवमननं आमच्याकडे पाहिलं. पंचफुलाकडे पाहिलं. ती एका हातानं पोट आणि एका हातानं तोंड धरून उभी होती. मग त्यानं दोन्ही घोंगडी अंगावरून काढून बाजूला टाकली.

"उकडून राह्यलं म्हटलं."

"म्हंजे हिवाळा सरला."

"सरला," देवमन म्हणाला. "आताच सरला. माह्या पुढून गेला. मी पाह्यलं त्याले जातानी."

भागिरथा हसली नाही. तिनं त्याचं मनगट अजून सोडलेलं नव्हतं. त्यावर तिच्या बोटांचे वळ उठले होते, त्यांच्यावर तिनं पदर फिरवला आणि म्हणाली, "इतकं काहून ओढलं? मी चोर हावो काय?"

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. ओटीचं तांदूळ-खोबरं माझ्याच घरातून नेलं, कारण भागिरथाच्या डब्यांवर कापूस पडला होता. तिनं पंचफुलाची ओटी भरली, गादी तिच्या हाती दिली. देवमननं उशी दिली, दीड लोड दिला. तेव्हा कुठं दोघांनी एकमेकांची कामं पाहिली. भागिरथानं उशी उलटसुलट केली, शिवण वाकडी आहे म्हणाली, आणि दाबून पाहिली तर सरकीचा एक दाणा लागला नाही. ती बराच वेळ दाबत राहिली. देवमननं गादीवर हात फिरवून विचारलं की हा कापूस पहिल्या वेच्याचा दिसतो, कुठून आणला. ती म्हणाली, जिथून तुम्ही आणला.

मग दोघं पूर्वेच्या दारात जोडीनं उभी राहिली. पंचफुला दोघांच्या पाया पडली आणि बंडीत चढली. अंगणात सगळीकडे कापूस. तो दुसऱ्या दिवशी आम्ही पोत्यांत भरून केंद्रावर घातला, दव नव्हतंच. आणि त्या कापसातून चालत दोघं बंडीमागे निघाली.

आता इतक्या दिवसांचं बोलणं पोटात साठलेलं. ते दोघांचं एकदमच बाहेर पडलं. देवमन म्हणाला, बंडी खालच्या वाटेनं ने, वरची खडबडीत आहे. भागिरथा म्हणाली, खालच्या वाटेला ओढा लागतो, वरच्यानंच ने. तो म्हणाला, ओढ्याला पाणी कुठं आहे. ती म्हणाली, तुम्हाला काय ठाऊक, तुम्ही पौषापासून बाजेवरून उतरले कधी. तो म्हणाला, नाव सिद्धार्थ ठेवायचं. ती म्हणाली, मुलगी होणार आहे, पोट खाली आहे. खेमाला निरोप कोणी धाडायचा, वाकळा अजून धुतल्या नाहीत, बाजेची सुतळी चिमण्यांनी नेली, विळा कुठं आहे, सगळं एकमेकांच्या शब्दांवर चढून बोलणं. गोविंदानं दोनदा जयभीम घालायला तोंड उघडलं, पण त्याला मधे फटच मिळाली नाही.

शिवेवरच्या पळसापाशी बंडी थांबली. झाड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत लाल होतं आणि खाली फुलांचा सडा पडला होता. दोघं मागून येतच होती, खालची वाट की वरची ते अजून ठरलेलं नव्हतं. पंचफुला तट्ट्याच्या छताखालून वाकून थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, तिनं उशी मांडीवर घेतली, आणि भावाच्या पाठीला बोट लावलं.

"गोविंदा, हाक लवकर. थे दोघं चूप झाले तं मले परत बलावतीन."